‘नवरंग’: गाण्यात राहणारी मोहिनी

काही चित्रपट शहाण्या माणसाने आवडून घेऊ नयेत, असा एक अलिखित दंडक आपल्याकडे आहे. व्ही. शांताराम यांचा १९५९ सालचा ‘नवरंग’ हा त्यांपैकी एक. ‘गाणी गोड, पण गोष्टीचे काय?’ असे म्हणून जाणकार नाक मुरडतात. मला मात्र हा चित्रपट मनापासून आवडतो. आणि तो गाण्यांपुरता नव्हे, गाण्यांमुळे आवडतो.

गोष्ट तशी लहानशीच. दिवाकर हा कवी. त्याची बायको जमुना संसारात दक्ष. कवितेचे तिला कौतुक नाही. मग हा गृहस्थ मनातल्या मनात तिलाच नटवतो, मोहिनी असे नाव देतो आणि तिच्यावर गाणी रचतो. जमुनेला वाटते, ही कोणी दुसरीच! ती रुसून निघून जाते आणि तिच्यामागोमाग त्याचे गाणेही जाते.

इतर बोलपटांत गाणे आले की गोष्ट खोळंबते. इथे गाणे थांबले की गोष्ट अडते. कारण मोहिनीला राहायला दुसरे घरच नाही. तिथे संध्या डोक्यावर घागरींची उतरंड घेऊन नाचते, होळीच्या नाचात एकटीच स्त्री आणि पुरुष दोन्ही होते, एवढेच काय, हत्तीसुद्धा नाचू लागतो! आदल्या ‘दो आँखें बारह हाथ’च्या वेळी बैलाशी झुंजताना शांतारामांच्या डोळ्यांना इजा झाली होती. अंधार सोसून आलेला माणूस रंगांची अशी उधळण करील, यात नवल नाही. पण ती उधळण आपल्याला खरी वाटते, ती सी. रामचंद्रांच्या चालींमुळे.

आम्हा नागपूरकरांना या चालींचे अंमळ अधिक अगत्य. पुणतांब्याला जन्मलेल्या या संगीतकाराने नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे गाण्याचे धडे घेतले. वसंतराव देशपांडेही त्याच गुरूचे शिष्य. अर्ध्या चंद्राचे ते द्वंद्वगीत ऐकून पाहा. मालकंस हा उत्तररात्रीचा भारदस्त राग. पण महेंद्र कपूर आणि आशा भोसले यांच्या गळ्यांतून तो असा उतरला आहे की, रागाचे नावही ठाऊक नसलेला माणूस दळण आणायला जाताना तो गुणगुणतो. विद्या लपवून आनंद पुढे करणे, ही काही सोपी कला नव्हे.

एक तक्रार मात्र नोंदवलीच पाहिजे. लेखनाला ग. दि. माडगूळकरांसारख्यांचा हात असूनही चित्रपट कवीच्याच बाजूने उभा राहतो. घरात मीठपीठ लागते, हे जमुनेचे म्हणणे त्याला कटकट वाटते. नवऱ्याने स्वप्नातली मूर्ती पुजावी आणि चुलीपुढच्या बाईने त्यात समाधान मानावे, हे कुठल्या बाईला रुचेल? शेवटी समजूत पटते ती जमुनेची. दिवाकरालाही काही शिकण्यासारखे होते, याचा चित्रपटाला पत्ता नाही. तरी संध्येनेच दोन्ही भूमिका केल्यामुळे जे संवाद सांगत नाहीत, ते तिचा चेहरा सांगून जातो: मोहिनीला जमुनेवाचून अस्तित्व नाही.

तेव्हा वाचकहो, फराळ आटोपल्यावर घरच्या मंडळींसह ‘नवरंग’ अवश्य पाहा, आणि आवडला तर संकोच करू नका. फक्त पुरुषमंडळींना एक मास्तरी सूचना: आपल्या घरच्या जमुनेला कोणते गाणे आवडते, हे एकदा तिलाच विचारा.