टी-परीक्षिकेचे पहिले उदाहरण : एक फेरतपासणी

नवी अध्यापनपद्धती वीस-पंचवीस मुलांवर वापरायची, टी-परीक्षिका लावायची, आलेली किंमत तक्त्याशी ताडायची आणि ‘फरक सार्थक आहे’ असे लिहून थांबायचे, ही शिक्षणविषयक प्रकल्पांतील रूढ वाट आहे. या वाटेवर काय निसटते, हे परीक्षिकेच्या मूळ लेखातच पाहता येते.

विल्यम गॉसेट हा डब्लिन येथील गिनेसच्या मद्यनिर्मिती कारखान्यातील रसायनतज्ज्ञ. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने त्याने १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात हा लेख प्रसिद्ध केला. नमुना लहान असला की त्यावरून काढलेले प्रमाण विचलनही बेभरवशाचे असते आणि ही अनिश्चितता हिशेबात धरावीच लागते, हे त्याने दाखवले. लेखाचे हे श्रेय वादातीत आहे. त्यातील उदाहरणाबद्दल मात्र तसे म्हणता येत नाही.

दहा रुग्णांना झोपेची दोन औषधे देऊन पाहिली होती. दुसऱ्या औषधाने पहिल्यापेक्षा किती तास अधिक झोप लागली, त्याचे आकडे असे : १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. सरासरी १.५८ आणि प्रमाण विचलन १.२३. विचलनाला १० च्या वर्गमुळाने भागले की प्रमाण त्रुटी ०.३८९ येते. तिने सरासरीला भागले की टी ची किंमत ४.०६. नऊ स्वाधीनता मात्रांसाठी, ५ टक्के पातळीवर, तक्त्यातील किंमत २.२६ आहे. म्हणजे फरक सार्थक.

पण किती फरक? त्यासाठी २.२६ ला ०.३८९ ने गुणून येणारे ०.८८ सरासरीतून वजा करू आणि तिच्यात मिळवू. ९५ टक्के विश्वास-अंतराल मिळतो ०.७० ते २.४६ तास. बेचाळीस मिनिटे की जवळजवळ अडीच तास? वैद्याचा निर्णय यावरच ठरणार, आणि ‘सार्थक’ हा शब्द तेच सांगत नाही. येथे ९५ टक्के ही हमी रीतीची आहे : पुन्हा पुन्हा नमुने घेऊन असे अंतराल काढले, तर शंभरातील सुमारे पंचाण्णव अंतरालांत समष्टीची खरी सरासरी सापडेल.

आता ४.६ तासांचा नववा रुग्ण वगळून पाहा. सरासरी १.२४ वर उतरते, तरी टी वाढून ५.६६ होतो! कारण विचलन १.२३ वरून ०.६६ इतके आक्रसते. म्हणजे टी मोठा म्हणून परिणामही मोठा, हा समज खोटा ठरतो. (गैरसोयीचा आकडा असा वगळण्याची मुभा मात्र यातून मिळत नाही.)

याहून गंभीर दोष गणिताबाहेरचा आहे. हे आकडे १९०५ सालच्या दुसऱ्यांच्या प्रयोगातून घेतलेले. उतरवून घेताना गॉसेटने एकाच औषधाची, हायोसायमीनची, दोन प्रतिबिंबरूपे म्हणून त्यांची नोंद केली. प्रत्यक्षात ती दोन वेगळी औषधे होती : हायोसायमीन आणि हायोसीन. फिशरच्या १९२५ सालच्या गाजलेल्या पुस्तकातही हीच चूक उतरली. शिवाय रुग्ण होते अमेरिकेतील मिशिगनच्या एका मनोरुग्णालयातले, आणि प्रत्येक आकडा ही अनेक रात्रींची सरासरी होती. तेव्हा ०.७० ते २.४६ हा अंदाज नेमका कोणत्या समष्टीचा? सूत्राला ना औषधाचे नाव कळते, ना माणसे कशी निवडली ते.

म्हणून प्रकल्पात किंवा वर्गात तीन गोष्टी लिहाव्यात : मुले कशी निवडली, फरकाची सरासरी किती, आणि तिचा अंतराल कुठून कुठपर्यंत. दहा गुणांच्या चाचणीत अंतराल ०.१ ते ०.५ गुण असा आला, तर फरक सार्थक असूनही पद्धत बदलण्याचा खटाटोप कदाचित करू नये. तो ०.५ उणे ते ४ असा आला, तर ‘सार्थक नाही’ म्हणून पद्धत टाकून देऊ नये. अधिक मुलांवर पुन्हा पाहावे. हा निर्णय तक्ता घेत नाही, शिक्षकालाच घ्यावा लागतो.