चार्जरचं अनुदान: आपण नेमकं काय मोजतो?

ब्रिटनमध्ये घरी इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर बसवायला सरकारी अनुदान मिळायचं. एप्रिल 2020 पासून ते खर्चाच्या 75 टक्के, पण जास्तीत जास्त 350 पौंड होतं. अशा योजनेचं यश सांगताना पटकन एक आकडा पुढे येतो: इतके चार्जर बसले. संशोधनात उतरणार असाल, तर इथेच थांबा.

आधी अटी बघा. अर्जदाराकडे गाडी असायला हवी किंवा निदान बुक केलेली हवी. शिवाय ती लावायला रस्त्याबाहेर हक्काची जागा हवी. म्हणजे ऐपत आणि जागा दोन्ही असलेल्यांनाच पैसे. त्यातल्या कितीजणांनी अनुदान नसतं तरी चार्जर बसवलाच असता? बसलेल्या चार्जरची बेरीज याचं उत्तर देत नाही.

एप्रिल 2022 पासून स्वतंत्र घरात राहणाऱ्या मालकांना वगळलं. भाडेकरू आणि फ्लॅटमालकांना अनुदान चालू राहिलं. हा बदल मला पटतो. पण ‘आधी आणि नंतर’ अशी सरळ तुलना करायला जाल तर फसाल. भाडेकरूला घरमालकाची परवानगी लागते. समजा, अर्ज कमी आले. तर ‘लोकांना गरजच नाही’ म्हणणार का? अडचण पैशांपेक्षा परवानगीची असू शकते.

म्हणून प्रस्ताव लिहिताना स्वतःला दोन प्रश्न विचारा. अनुदान नसतं तर काय झालं असतं? आणि ज्यांना अर्जच करता आला नाही, ते माझ्या डेटात कुठे आहेत?