कॅमेरा नावाचा ठरलेला साक्षीदार

गिरगावातल्या चाळीत कोण किती वाजता घरी आलं, कुणाच्या पिशवीत काय होतं, हे सगळं गॅलरीला माहीत असायचं. प्रेमात पडलेल्या पोरापोरींना आणि नव्या सुनांना ही नजर जाचायचीच, तेव्हा तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण बघणारी काकू आपल्यालाही दिसायची. तिच्या घरातली भांडणं आपल्यालाही ऐकू यायची. फारच झालं तर “काय बघताय?” असं विचारता यायचं.

नाक्यावरच्या कॅमेऱ्याला ते विचारता येत नाही.

हे कॅमेरे आले ते खऱ्या भीतीतून. याच गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळेंनी कसाबला धरून ठेवताना जीव दिला. २६/११नंतर राम प्रधान समितीने शहरभर सीसीटीव्हीची शिफारस केली आणि २०१६मध्ये साडेचार हजारांहून जास्त कॅमेऱ्यांचं जाळं सुरू झालं. गणपतीत लालबागच्या गर्दीत चुकलेलं मूल शोधायला कॅमेरा उपयोगी पडतो, हेही खरंच. प्रश्न कॅमेरा असण्याचा नाही. तो कुणाकडे तोंड करून बसवलाय, हा आहे.

इथे चैतन्य ताम्हाणेचा ‘कोर्ट’ पुन्हा बघावा. त्यातला कॅमेराही सीसीटीव्हीसारखाच एका जागी थांबून, लांबून बघत राहतो. पण तो आरोपी शाहिरावरच खिळून राहत नाही. सरकारी वकील बाईंबरोबर तो लोकलने त्यांच्या घरी जातो, न्यायाधीशाबरोबर सुट्टीवर जातो. शेवटी बाकावर डुलक्या घेणारा न्यायाधीश आणि झोप मोडली म्हणून त्याने एका पोराला मारलेली चापट, हेही आपण बघतो. निकाल देणाऱ्यालाच हा सिनेमा चौकटीत आणून बसवतो.

त्याच सिनेमात पोलिसांचा एक ठरलेला साक्षीदार आहे, दुसऱ्या खटल्यांतही हजर असलेला. आज त्याची जागा कॅमेरा घेईल का? पोलिसांना हवं तेव्हा ‘फुटेज आहे’, नको तेव्हा ‘कॅमेरा बंद होता’.

ही शंका हवेतली नाही. ‘कोर्ट’ पहिल्यांदा दाखवला गेला त्याच वर्षी, २०१४मध्ये, वडाळ्यातल्या एका कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितलं. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच देशभरासाठी बजावलं: लॉकअप, व्हरांडा, दारं, सगळीकडे, आवाजासकट. २०२५मध्ये पोलीस ठाण्यांतल्या बंद कॅमेऱ्यांची त्याच न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. रस्त्यावर हजारो कॅमेरे उभे करणाऱ्या व्यवस्थेला स्वतःच्या खोलीतला एक चालू ठेवणं इतकं अवघड का जातं?

“लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला?” हा प्रश्न आपल्याला नेहमी विचारला जातो. तो उलटाही विचारायला हवा. आपलं फुटेज कोण बघतं, किती दिवस ठेवतं, चेहरे कशाशी जुळवून बघतं? खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७मध्ये सांगितलं. तरी २०२३च्या विदा संरक्षण कायद्यातून सरकार आपल्या यंत्रणांना वगळू शकतं.

गॅलरीतल्या काकूंना निदान तोंडावर उत्तर द्यावं लागायचं. नाक्यावरच्या खांबाकडेही तेवढंच मागायचं आहे.