'जोडीदार' कोणास म्हणावे? : एचआयव्ही कायद्यातील एका व्याख्येचे परीक्षण

एचआयव्हीबाधिताची स्थिती वैद्याने इतरांस कळवावी काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला तो एका मोडलेल्या लग्नामुळे. 'मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड' (१९९८) या खटल्यात न्यायालयाने वाग्दत्त वधूचा जीविताचा हक्क वराच्या गुप्ततेहून श्रेष्ठ मानला. बाधिताचा विवाहाचा हक्क स्थगित राहतो, असेही त्या निर्णयात म्हटले होते. हे विधान मात्र २००२ साली त्याच न्यायालयाने अनावश्यक ठरविले.

पुढे २०१७ चा एचआयव्ही व एड्स अधिनियम १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. त्याच्या कलम ८ ने गुप्तता हा नियम केला. कलम ९ ने वैद्य व समुपदेशक यांस एक अपवाद दिला : जोडीदारास मोठा धोका असून समुपदेशनानंतरही बाधित व्यक्ती स्वतः सांगणार नाही अशी खात्री झाल्यास, तिला पूर्वसूचना देऊन ते जोडीदारास सांगू शकतात. 'सांगू शकतात', 'सांगितलेच पाहिजे' असे नव्हे. बाधित स्त्रीस त्यागाचे किंवा हिंसेचे भय असल्यास सांगण्यास मनाईही आहे. ही रचना विवेकाची आहे, यात शंका नाही.

उणीव आहे ती व्याख्येत. जोडीदार म्हणजे पती वा पत्नी, किंवा विवाहसदृश संबंधातील व्यक्ती. वाग्दत्त वधूचा तेथे उल्लेख नाही. ज्या नात्यातून हा वाद उद्भवला, तेच नाते कायद्याच्या शब्दांतून निसटले आहे! कलम १० बाधितावर खबरदारीचे कर्तव्य घालते. पूर्वकल्पना देणे हा तिचा केवळ एक मार्ग होय. हिंदू विवाह कायद्याचे कलम १२ फसवणुकीबद्दल दाद देते, परंतु लग्न लागल्यावर.

जळगाव-धुळे भागात सुपारी फुटली, साखरपुडा झाला, की ते लग्न दोन घरांचे व भाऊबंदांचे होते. मुलीने एकटीने नकार द्यावा, तर कारण विचारले जाणारच. आणि कारण सांगितले की गुप्तता संपली. म्हणून व्याख्येत 'वाग्दत्त' हा शब्द घालणे आवश्यक असले, तरी तेवढ्याने भागणार नाही. कारण न सांगता लग्न मोडण्याची मोकळीक तिला मिळाली पाहिजे. नियमित औषधोपचाराने विषाणू चाचणीत न आढळण्याइतका कमी झाल्यास लैंगिक संबंधातून संसर्ग होत नाही, हेही तिला समजले पाहिजे. कारण जाणून दिलेला होकारही तिचाच हक्क होय. कायद्याची कसोटी वैद्याच्या अधिकारापेक्षा या निवडीत आहे.