ध्वनिकिरण-पद्धती : एक चिकित्सा

सभागृहाच्या आराखड्यासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणकप्रणाली ध्वनीला प्रकाशकिरणासारखा सरळरेषीय मानतात. नॉर्वेतील क्रोकस्टाड व सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये मांडलेली ही पद्धती मोठ्या दालनांत, उच्च कंप्रतेसाठी उपयुक्त ठरते. तथापि १०० हर्ट्झ ध्वनीची तरंगलांबी सुमारे ३.४ मीटर असते. पुणतांब्यासारख्या तीर्थक्षेत्री, खांबांच्या सभामंडपात कीर्तन चालू असता मृदंगाचा खर्ज नाद खांबाला वळसा घालून श्रोत्यापर्यंत पोहोचतो; कीर्तनकाराच्या शब्दांतील 'स', 'श' ही सूक्ष्म व्यंजने मात्र अडतात. किरण-पद्धती दोहोंनाही सारखीच ध्वनिछाया दाखवते. म्हणजेच शब्दांविषयी तिचे भाकीत बरेचसे ग्राह्य, नादाविषयी संशयास्पद ठरते. सबब, प्रत्यक्ष मोजमापाविना तिच्या रंगीत नकाशांवर विसंबून सभागृह बांधणे अशास्त्रीय होय.