पुढच्या दोन वर्षांची गोष्ट आजच लिहू नका

पीएचडीच्या मुलाखतीत "तुमचा पुढच्या तीन वर्षांचा प्लॅन काय?" हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही पेटची तयारी करत असाल तर तुम्हालाही येणार. प्लॅन म्हणजे नक्की काय, हे मला एका खेळामुळे कळलं, आणि तेही खेळ मोडल्यावर. म्हणून आज जरा वेगळा विषय घेऊ. विज्ञानकथेवरच्या रोलप्लेइंग खेळांची पुस्तकं लांब पल्ल्याचं कथानक कसं आखतात, आणि त्यातलं काय टिकतं?

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण एकत्र बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण गेम मास्टर होतो. उरलेलं सगळं जग तो चालवतो. पात्र काय करतं ते खेळाडू बोलून सांगतो, निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायचे. एक बैठक म्हणजे सेशन, सलग चालणारी सेशन्स म्हणजे कॅम्पेन, आणि त्यातून महिनोन्‌महिने जाणारा कथेचा धागा म्हणजे आर्क.

मी पहिलं कॅम्पेन चालवलं तेव्हा २० सेशन्सचा आर्क एक्सेलमध्ये मांडला होता. एक कॅप्टन खेळाडूंचा विश्वास मिळवणार आणि दहाव्या सेशनला दगा देणार. तिसऱ्याच सेशनला खेळाडूंनी बक्षिसासाठी त्यालाच पकडून दिलं! मी त्याला तुरुंगातून पळवलं. त्यांनी परत पकडलं, मी परत पळवलं. सहाव्या सेशननंतर एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, "आम्ही नसतो तरी हे असंच झालं असतं ना?" पुढच्या शनिवारी दोघं आले नाहीत. त्यानंतर कोणीच आलं नाही.

चूक माझी होती, पण मी एकटाच तिथे अडकलो नव्हतो. 'ट्रॅव्हलर' हा या प्रकारातला सुरुवातीचा गाजलेला खेळ. मार्क मिलर यांनी लिहिलेला, अमेरिकेत १९७७ साली आलेला. त्याचं 'द ट्रॅव्हलर ॲडव्हेंचर' हे लांब कॅम्पेन १९८३ चं. मार्च हॅरियर नावाचं एक व्यापारी जहाज, एका ब्रोचपासून सुरू झालेलं प्रकरण, आणि हळूहळू तुकेरा लाइन्स या बलाढ्य वाहतूक कंपनीशी संघर्ष. याची बांधणी मला आजही आवडते. सुरुवात पोटापाण्याच्या धंद्यातून होते, मोठा शत्रू नंतर दिसतो. पण कड्या एकमेकांत अडकलेल्या आहेत. खेळाडू म्हणाले, "ब्रोचचं आम्हाला काय?", तर पुढचं बरंचसं गेम मास्टरला स्वतः उभं करावं लागतं.

याच जगातलं, पण बऱ्याच नंतरचं 'पायरेट्स ऑफ ड्रिनॅक्स' वेगळा रस्ता घेतं. ड्रिनॅक्सचा राजा ओलेब खेळाडूंना एक जुनं लढाऊ जहाज आणि लुटीचा परवाना देतो. हेतू एकच: लयाला गेलेलं राज्य परत उभं करायचं. एका बाजूला मानवांचं प्रचंड साम्राज्य, दुसऱ्या बाजूला अस्लान ही परग्रहवासी जमात, मध्ये हा अस्थिर पट्टा. कोणता ग्रह धाकाने जिंकायचा, कोणाशी दोस्ती करायची, राजालाच फसवायचं का, हे खेळाडू ठरवतात. इथे आर्क आहेच, पण तो घटनांच्या यादीत नाही. तो प्रत्येकाला काय हवंय त्यात आहे.

केविन क्रॉफर्ड यांचं 'स्टार्स विदाउट नंबर' (२०१०) हीच कल्पना आकड्यांत बसवतं. सरकार, कंपनी, पंथ, टोळी, प्रत्येक गटाला बळ, धूर्तपणा आणि संपत्ती यांचे आकडे आणि एक ध्येय असतं. ठरावीक काळाने गेम मास्टर या गटांची चाल खेळतो; खेळाडू हजर नसले तरी. बाकी तयारी फक्त पुढच्या सेशनपुरती, आणि त्यासाठी खेळाडूंनाच विचारायचं, "पुढच्या वेळी काय करणार?" म्हणजे आर्क आधी लिहायचा नाही, तो साचत जातो.

पण यातही एक खड्डा आहे. गेम मास्टर घरी एकटाच फासे टाकत बसतो, दोन गटांचं युद्ध होऊन संपतं, आणि खेळाडूंना त्याचा पत्ताच नसतो. आर्क झाला, पण दिसला कोणालाच नाही.

यावरचा उपाय मला परत ट्रॅव्हलरमध्येच सापडला. त्यात ताऱ्याहून ताऱ्याकडे एक उडी मारायला साधारण एक आठवडा लागतो आणि प्रकाशापेक्षा वेगवान संदेशयंत्रणा नाही. बातमी जहाजाच्याच वेगाने जाते. त्यामुळे दूरचं युद्ध तुमच्यापर्यंत आधी इंधनाची भाववाढ, बंद बंदर, घाबरलेला प्रवासी अशा रूपात पोहोचू शकतं. प्रकाशकांनी स्वतःही हे केलं. त्यांच्या नियतकालिकात काल्पनिक वृत्तसेवेच्या छोट्या बातम्या यायच्या, आणि त्यांतूनच पाचव्या सरहद्द युद्धाचं कथानक उलगडत गेलं.

म्हणून आता कुठलाही लांबचा आराखडा मी तीन प्रश्नांवर तपासतो. कोणाला काय हवंय? खेळाडूंनी काहीच केलं नाही तर पुढच्या तीन महिन्यांत काय होईल? आणि हे त्यांना कशावरून कळेल? आराखड्यात "मग खेळाडू अमुक करतील" असं वाक्य दिसलं की ते खोडायचं. अर्थात पाच-सहा सेशन्सचाच खेळ असेल, सगळे परीक्षेतून वेळ काढून येत असतील, तर कड्यांची साखळीच बरी. मोकळ्या जगाला रमायला वेळ लागतो.

आता तुमच्या सिनॉप्सिसकडे या. माझ्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, "चौथ्या प्रकरणात असे सिद्ध होईल की..." समितीतल्या एका सरांनी विचारलं, "उत्तर माहीत आहे, मग संशोधन कशाला?" मला एकदम ती मैत्रीण आठवली. प्रश्न तोच होता. माझी माहिती, माझ्या मुलाखती नसत्या तरी तो प्रबंध तसाच झाला असता.

वेळापत्रक लागतंच, समितीला ते द्याच. पण त्यासोबत हेही लिहा: प्रश्न कोणता, उत्तर "नाही" आलं तर पुढे काय, आणि आपण चुकतोय हे आपल्याला कशावरून आणि केव्हा कळेल. शेवटचं लिहिणं सगळ्यात अवघड जातं. मला दोन महिने लागले.

आज रात्री आपला आराखडा उघडा आणि ज्या वाक्यात निष्कर्ष आधीच ठरलाय त्याखाली पेन्सिलीने रेघ मारा. माझ्या मसुद्यात अशा अकरा रेघा निघाल्या. आणि हो, नवीन कॅम्पेन सुरू आहे. या वेळी तयारी एका पानाची: चार गट, प्रत्येकाची एक इच्छा. ती मैत्रीणही परत येते.