जखम भरण्यात मेदरोपणाचे स्थान : एक चिकित्सक विचार

शरीराच्या एका भागातील चरबी काढून दुसऱ्या भागात बसविण्याचा प्रयोग जर्मन शल्यचिकित्सक गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्ये केला. त्यानंतर दीर्घकाळ मेदरोपणाकडे मुख्यत्वे खोलगट भाग भरून काढण्याचे साधन म्हणून पाहिले गेले. २००१ मध्ये पॅट्रिशिया झुक व सहकाऱ्यांनी शोषून काढलेल्या चरबीत विविध ऊतींत रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशी असल्याचे दाखविले आणि या दृष्टिकोनात मूलगामी बदल झाला.

या संदर्भात जीनो रिगोटी व सहकाऱ्यांचा २००७ मधील अभ्यास महत्त्वाचा ठरतो. किरणोपचाराने सूक्ष्म रक्तवाहिन्यांची हानी होते व तेथील जखम सहजासहजी भरत नाही. अशा २० रुग्णांवर मेदरोपण केले असता बहुतेकांत सुधारणा आढळली. तथापि, अभ्यासाच्या शीर्षकातच या सुधारणेचे श्रेय मूलपेशींना दिलेले आहे. हे प्रतिपादन पुराव्याच्या पुढे जाते. मेदरोपण न केलेल्या रुग्णांचा तुलनागट त्यात नव्हता. शिवाय चरबीत मूलपेशींखेरीज मेदपेशी, रक्तवाहिन्यांतील पेशी इत्यादी घटकही असतात.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. मूलपेशी हेच खरे कारण असेल, तर त्या वेगळ्या करण्याची खर्चिक प्रक्रिया समर्थनीय ठरेल. संपूर्ण चरबीच पुरेशी असेल, तर तुलनेने साधी शस्त्रक्रिया भागेल. पायाची जखम न भरणाऱ्या सामान्य आर्थिक स्थितीतील मधुमेही रुग्णाच्या दृष्टीने हा प्रश्न निर्णायक आहे. म्हणून मेदरोपणाची उपयुक्तता संभाव्य मानावी. तिचे स्पष्टीकरण मात्र तुलनागटासह केलेल्या अभ्यासांवरच आधारलेले असावे.